घटक ४ : तान का की (१८७४–१९६१) – एका स्थलांतरित उद्योजकाचे चरित्र

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधून आग्नेय आशियात झालेल्या स्थलांतराची कारणे सांगता येतील.
• तान का की यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे स्पष्ट करता येतील.
• स्थलांतरित समाजाच्या जीवनात शाळा, भाषा व संस्था यांना असलेले महत्त्व विशद करता येईल.
• चरित्रनायकाच्या निर्णयांचे गुणदोषांसह मूल्यमापन करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, चरित्र म्हणजे एका व्यक्तीचा जीवनवृत्तान्त, हे आपण जाणतोच. तथापि काही व्यक्तींच्या चरित्रांतून त्यांच्या संपूर्ण समाजाचा इतिहास उलगडत जातो. सिंगापूरचे उद्योजक तान का की यांचे चरित्र या प्रकारचे आहे. तान का की हा त्यांच्या नावाचा होक्किएन बोलीतील उच्चार होय. प्रमाण चिनी भाषेत, म्हणजे मँडरिनमध्ये, हेच नाव चेन ज्यागेंग असे उच्चारले जाते. एकाच माणसाची ही दोन नावे त्यांच्या आयुष्यातील एका मूलभूत प्रश्नाकडे निर्देश करतात. जो माणूस एका देशात जन्मतो, दुसऱ्या देशात कमावतो आणि तिसऱ्याच सत्तेचा प्रजाजन म्हणून नोंदला जातो, त्याचे देणे कोणाला लागते? तान का की यांनी या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत शोधले नाही. आपल्या व्यवहारातून ते देण्याचा प्रयत्न त्यांनी केला, आणि त्याची किंमतही मोजली.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ फूजियानचा किनारा आणि ‘नानयांग’

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फूजियान हा डोंगराळ प्रांत आहे. तेथे शेतीयोग्य जमीन थोडी आणि खाणारी तोंडे अधिक, त्यामुळे येथील माणसे पिढ्यान् पिढ्या समुद्राकडे वळली. १८४२ च्या नानकिंग तहानंतर श्यामेन (अमॉय) बंदर परकीय व्यापारास खुले झाले आणि स्थलांतराला वेग आला. दक्षिणेकडील समुद्रापलीकडच्या प्रदेशाला, म्हणजे मलाया, सिंगापूर, जावा, सुमात्रा, फिलिपाइन्स या भागाला, चिनी लोक नानयांग म्हणजे दक्षिण सागर असे म्हणत.

या प्रवासाची जोखीम मोठी होती. अनेकांकडे जहाजाच्या भाड्यापुरतेही पैसे नसत. भाडे दलालाने भरायचे आणि मजुराने पुढे काम करून ते फेडायचे, अशी पद्धत होती. नव्याने आलेल्या अशा मजुराला सिनखे, म्हणजे नवा पाहुणा, असे म्हणत. प्रत्यक्षात कर्ज फिटेपर्यंत त्याच्या वाट्याला पाहुणचार येत नसे. कथिलाच्या खाणी, मळे आणि गोदी हेच त्याचे जग असे. चीनच्या राजसत्तेचा परदेशगमनावरील निर्बंध कागदोपत्री १८९३ पर्यंत कायम होता. त्यामुळे परदेशी संकट ओढवल्यास या माणसांना दाद मागण्यास जागा नव्हती. साहजिकच त्यांनी आपल्या आधाराच्या संस्था स्वतःच उभारल्या. एका गावच्या, एका कुळाच्या किंवा एका बोलीच्या लोकांची मंडळे स्थापन झाली. काम मिळवून देणे, आजाऱ्याची सोय पाहणे, बेवारस मृताचा अंत्यविधी करणे ही कामे ही मंडळे करीत. गावी पाठवायचे पैसे आणि खुशालीचे पत्र एकाच पाकिटातून पोहोचवणाऱ्या पेढ्याही निघाल्या.

याच किनाऱ्यावर, श्यामेनजवळच्या जिमेई या गावी, २१ ऑक्टोबर १८७४ रोजी तान का की यांचा जन्म झाला. त्यांचे वडील सिंगापुरात तांदळाचा व्यापार करीत. मुलाचे बालपण आईच्या छायेत गेले. वडिलांचा सहवास त्यांना फारसा लाभला नाही. नानयांगला गेलेल्या पुरुषांच्या घरी हीच रीत होती. गावच्या शाळेत जुन्या पद्धतीचे थोडे शिक्षण घेऊन १८९० साली ते सिंगापूरला गेले आणि वडिलांच्या दुकानात काम करू लागले.

४.२.२ पितृऋण

दुकानाचे हिशोब, मालाची खरेदी आणि गिऱ्हाइकांची वसुली यांत त्यांनी दहाएक वर्षे काढली. आईच्या निधनानंतर तिच्या अंत्यविधीसाठी व शोककाळ पाळण्यासाठी ते गावी गेले. १९०३ मध्ये ते परतले तेव्हा वडिलांचा व्यवसाय डबघाईला आलेला होता. दुकानावर मोठे कर्ज होते आणि ते बंद करण्यावाचून गत्यंतर नव्हते. सिंगापूरच्या कायद्यानुसार वडिलांचे कर्ज फेडण्याचे बंधन मुलावर नव्हते. तरीही तान का की यांनी ती जबाबदारी स्वीकारली. पुढील काही वर्षांत धनकोंशी बोलणी करून त्यांनी हे देणे मिटवले. यामागे पितृभक्तीची चिनी परंपरा होती, तसेच व्यवहाराची जाणही होती. परक्या मुलखात, न्यायालय आणि बँक ही दोन्ही परकीयांच्या हाती असताना, स्थलांतरित व्यापाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे त्याची पत होय. कर्जफेडीने ही पत त्यांना मिळाली.

४.२.३ अननस ते रबर

१९०४ मध्ये त्यांनी थोड्या भांडवलावर अननस डबाबंद करण्याचा कारखाना काढला. कारखान्याला फळ कमी पडू नये म्हणून अननसाचा मळा घेतला, आणि जोडीला तांदळाचा व्यापार ठेवला. १९०६ मध्ये मलाक्काचे रबर-लागवडदार तान चाय यान यांच्याकडून त्यांनी रबराचे बी विकत घेतले आणि ते अननसाच्या ओळींमध्ये लावले. रबराचे झाड चिकासाठी तयार होण्यास अनेक वर्षे लागतात. तोवर अननसाचे उत्पन्न चालू राहावे, ही त्यामागील योजना होती. मोटारगाड्यांच्या प्रसाराबरोबर टायरांसाठी रबराची मागणी वाढली आणि हा निर्णय फलदायी ठरला.

पहिल्या महायुद्धात जहाजांची टंचाई निर्माण झाली, तेव्हा त्यांनी जहाजे भाड्याने घेतली व पुढे स्वतःची विकत घेतली. त्यांतील दोन जहाजे युद्धात बुडाली, परंतु विम्याची रक्कम हाती आल्याने व्यवसायाला धक्का बसला नाही. त्यानंतर केवळ कच्चे रबर न विकता रबरी बूट, टायर व इतर वस्तू बनवण्याचा कारखाना त्यांनी वाढवला. १९२५ च्या सुमारास त्यांचा उद्योग शिखरावर होता. हजारो कामगार त्यांच्याकडे काम करीत होते आणि आशियातील अनेक शहरांत त्यांची विक्रीकेंद्रे होती.

४.२.४ शाळा, विद्यापीठ आणि बोलींच्या भिंती

तान का की यांना इंग्रजी येत नव्हती. मँडरिनवरही त्यांचे प्रभुत्व नव्हते. ते आयुष्यभर होक्किएनमध्ये बोलत राहिले. स्वतःचे शिक्षण अपुरे राहिल्याची जाणीव आणि गावाची दुरवस्था यांतून त्यांनी १९१३ मध्ये जिमेई येथे प्राथमिक शाळा सुरू केली. मासे पाळण्याचे एक तळे भरून काढून त्या जागेवर ही शाळा उभारली गेली. पुढे तेथे अध्यापक विद्यालय, माध्यमिक शाळा आणि मत्स्यव्यवसाय व नौकानयनाचे शिक्षण देणारी शाळा निघाली. मासेमारांच्या गावाला समुद्राचेच शास्त्र शिकवावे, हा विचार त्यामागे होता.

सिंगापुरातील परिस्थिती निराळी होती. शहरात चिनी बहुसंख्य होते, तथापि ते एकसंध नव्हते. होक्किएन, तेओच्यू, कँटोनी, हक्का, हैनानी अशा बोलींप्रमाणे मंडळे, देवळे, व्यवसाय आणि शाळाही वेगळ्या होत्या. एका बोलीच्या मनुष्याला दुसऱ्याचे बोलणे बहुधा सहज समजत नसे. १९१९ मध्ये तान का की यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या चायनीज हायस्कूलने सर्व बोलींच्या मुलांसाठी दार उघडले. शिक्षणासाठी तेथे मँडरिनचा अवलंब झाला. येथे भाषाभ्यासकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. समान भाषेमुळे विखुरलेला समाज जवळ आला, त्याचबरोबर घरची बोली मागे पडण्याची प्रक्रियाही सुरू झाली. ज्या भाषेत आपण स्वतः सहज बोलू शकत नव्हतो, तीच पुढच्या पिढीची भाषा व्हावी म्हणून या माणसाने धन वेचले.

६ एप्रिल १९२१ रोजी श्यामेन विद्यापीठाची स्थापना झाली. त्यासाठी त्यांनी एकूण ४० लाख डॉलर देण्याचे वचन दिले. त्यांच्या तत्कालीन संपत्तीचा फार मोठा भाग यासाठी खर्ची पडणार होता. सिंगापूरचे विख्यात डॉक्टर लिम बून केंग यांनी १९२१ ते १९३७ या काळात विद्यापीठाची धुरा सांभाळली. १९२३ मध्ये तान का की यांनी सिंगापुरात नानयांग सियांग पाऊ हे चिनी दैनिकही सुरू केले.

४.२.५ मंदी आणि कसोटी

१९२९ च्या जागतिक मंदीत रबराचे भाव कोसळले. मोठ्या कर्जावर उभा असलेला उद्योग डळमळू लागला. १९३१ मध्ये धनको बँकांनी त्याचे मर्यादित कंपनीत रूपांतर करवले आणि कारभारावर नियंत्रण आणले. कंपनी वाचवायची तर शाळा व विद्यापीठ यांचा खर्च तोडणे हा सरळ मार्ग होता. तान का की यांनी तो स्वीकारला नाही. १९३४ मध्ये कंपनी गुंडाळण्यात आली. शिक्षणसंस्थांना मदत मिळत राहिली, मात्र विद्यापीठाचा भार पेलणे पुढे अशक्य झाले आणि १९३७ मध्ये त्यांनी ते चीनच्या सरकारकडे सुपूर्द केले.

या निर्णयाचा गौरव बहुतेक चरित्रकारांनी केला आहे. अभ्यासकाने मात्र त्याची दुसरी बाजूही पाहावी. दातृत्वासाठी उद्योगाची गंगाजळी आटवणे हे कितपत योग्य? उद्योग बुडाला तेव्हा अनेक कामगारांचा रोजगार गेला, आणि तेही स्थलांतरितच होते. दुसरीकडे असेही दिसते की कंपनी नाहीशी झाली, पण शाळा टिकल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेले त्यांचे जावई ली काँग च्यान पुढे स्वतः मोठे रबर-उद्योजक झाले. १९५३ मध्ये त्यांनी सिंगापुरात सार्वजनिक ग्रंथालयासाठी ३,७५,००० डॉलर देणगी दिली. ग्रंथालय सर्वांना विनामूल्य असावे व त्यात देशी भाषांतील ग्रंथांना स्थान असावे, अशी त्यांची अट होती. दातृत्वाचा हा वारसा चिनी समाजाच्या सीमा ओलांडून सिंगापूरच्या सर्वच समाजांपर्यंत पोहोचला.

४.२.६ युद्धकाळ

१९३७ मध्ये जपानने चीनवर व्यापक आक्रमण केले. ऑक्टोबर १९३८ मध्ये आग्नेय आशियातील चिनी मदत-समित्यांचा महासंघ सिंगापुरात स्थापन झाला आणि तान का की त्याचे अध्यक्ष झाले. दुकानदारांपासून फेरीवाल्यांपर्यंत आणि रिक्षा ओढणाऱ्यांपर्यंत सर्वांनी मासिक वर्गणी दिली. चीनचा किनारा जपानी ताब्यात गेल्यामुळे ब्रह्मदेशातील लाशिओ ते कुनमिंग हा सुमारे ११५० किलोमीटरचा डोंगरी रस्ता युद्धसामग्रीचा मुख्य मार्ग झाला. त्यावर गाड्या चालवण्यास माणसे नव्हती. महासंघाच्या आवाहनास प्रतिसाद देऊन १९३९ मध्ये तीन हजारांहून अधिक चालक व यंत्रकारागीर मलाया व आसपासच्या प्रदेशांतून तिकडे गेले. बॉम्बहल्ले, हिवताप आणि दरडीवरून कोसळणाऱ्या गाड्या यांत त्यांतील सुमारे एक हजार मृत्यू पावले. याच युद्धात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले होते, याचे मराठी वाचकास येथे स्मरण व्हावे.

१९४० मध्ये तान का की यांनी चीनचा दौरा केला. चुंगकिंगमध्ये च्यांग कै-शेक यांच्या सरकारातील चैन व भ्रष्टाचार त्यांना खटकला. येनानमध्ये माओ त्से-तुंग व त्यांच्या सहकाऱ्यांची साधी राहणी त्यांना भावली. पुढील सर्व राजकीय निर्णयांचे मूळ या तुलनेत आहे.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडण्यापूर्वी काही दिवस ते निसटले. शहर जिंकल्यावर जपानी सैन्याने चिनी पुरुषांना वेचून हजारोंची कत्तल केली आणि मलाया व सिंगापूरच्या चिनी समाजावर पाच कोटी डॉलरची खंडणी लादली. मदतकार्याचा असा सूड सामान्य माणसांना भोगावा लागला. तान का की जावामध्ये नाव बदलून लपून राहिले. त्यांच्या शाळांतून शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांनी जीव धोक्यात घालून त्यांना आसरा दिला. या अज्ञातवासात, संदर्भासाठी कागदपत्रे हाताशी नसताना, त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या. त्या युद्धानंतर प्रकाशित झाल्या.

४.२.७ उत्तरायुष्य

तान का की यांनी १९१६ मध्ये ब्रिटिश प्रजाजनत्व घेतले होते. मात्र १९०९ च्या चिनी कायद्यानुसार चिनी पित्याचे अपत्य कोठेही असले तरी चिनीच ठरत असे. अशा दुहेरी बंधनात लक्षावधी स्थलांतरित होते. वसाहती मोडून नवी राष्ट्रे उदयास येऊ लागली, तेव्हा प्रत्येकाला एकच बाजू निवडणे भाग पडले. १९४९ मध्ये माओंच्या निमंत्रणावरून ते पेकिंगला गेले आणि १९५० पासून जिमेई येथे स्थायिक झाले. सिंगापूरला ते पुन्हा परतले नाहीत. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या शाळा व विद्यापीठाच्या इमारती त्यांनी पुन्हा उभारल्या. त्यांची स्वतःची राहणी शेवटपर्यंत अत्यंत काटकसरीची होती. १२ ऑगस्ट १९६१ रोजी पेकिंग येथे त्यांचे निधन झाले. जिमेईच्या समुद्रकाठी त्यांची समाधी आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि परदेशी नातेसंबंध असणाऱ्या कुटुंबांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. ज्या देशासाठी या माणसांनी आपले सर्वस्व दिले, त्याच देशात त्यांचे परदेशीपण दोष ठरले. येनानमध्ये दिसलेल्या साधेपणावर तान का की यांनी ठेवलेला विश्वास या संदर्भात पुन्हा तपासून पाहावा लागतो.

४.३ सारांश

तान का की यांच्या जीवनात स्थलांतरित समाजाचे सर्व प्रश्न एकवटलेले दिसतात : उपजीविकेसाठी घर सोडणे, परक्या मुलखात पत निर्माण करणे, बोलींत विभागलेल्या समाजाला जोडणे आणि अखेरीस निष्ठेची निवड करणे. त्यांनी जन्मभूमी निवडली. सिंगापुरात राहिलेल्या त्यांच्या अनेक आप्तांनी व सहकाऱ्यांनी त्याच भूमीला आपले घर मानले. यांपैकी एकाच निवडीला योग्य ठरवणे उचित होणार नाही. आज श्यामेन विद्यापीठ आणि सिंगापुरातील त्यांनी स्थापिलेले विद्यालय ही दोन्ही ठिकाणे विद्यार्थ्यांनी गजबजलेली आहेत. विद्यालयाजवळच्या भुयारी रेल्वेस्थानकाला त्यांचेच नाव दिलेले आहे.

४.४ शब्दार्थ

धनको – कर्ज देणारा, सावकार
पत – बाजारातील विश्वासार्हता
गंगाजळी – राखून ठेवलेला निधी
गत्यंतर – दुसरा उपाय

४.५ स्वाध्याय

१. दक्षिण चीनमधील स्थलांतराची कारणे व स्थलांतरितांच्या मंडळांचे कार्य स्पष्ट करा.
२. वडिलांचे कर्ज फेडण्याच्या निर्णयामागील सांस्कृतिक व व्यावहारिक कारणे लिहा.
३. समान भाषेच्या स्वीकाराचे स्थलांतरित समाजावर झालेले दुहेरी परिणाम विशद करा.
४. १९३१ मध्ये आपण तान का की यांच्या जागी असता तर कोणता निर्णय घेतला असता? सकारण लिहा.
५. उपक्रम : कामधंद्यासाठी गाव सोडून आलेल्या आपल्या परिचयातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीशी संवाद साधा. त्यांनी गावाशी नाते कसे टिकवले, याविषयी दोन पृष्ठांचे टिपण तयार करा.