हिमशिखरांतील पाच दिवस

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर अशी अँडीज पर्वताची प्रचंड रांग पसरलेली आहे. तिच्या पश्चिमेस चिली देशाची राजधानी सांतियागो आहे, तर पूर्वेस अर्जेंटिनातील मेंदोसा हे शहर. या पर्वतावरून टपालाची विमाने नेण्याचे काम १९२९ साली एका फ्रेंच कंपनीने सुरू केले. त्या काळी वैमानिकाची बैठक उघडी असे. सर्वांत उंच शिखरे ओलांडण्याइतकी शक्ती विमानात नसे. म्हणून बोचरा वारा तोंडावर घेत खिंडींतून वाट काढावी लागे.

आन्री गियोमे हा या मार्गावरील वैमानिक. त्याचा जन्म १९०२ साली फ्रान्समधील बुई या खेड्यात झाला. १३ जून १९३० रोजी टपाल घेऊन तो सांतियागोहून निघाला. आपल्याकडे पावसाळ्याला आरंभ होतो, तेव्हा तिकडे ऐन हिवाळा असतो. ही त्याची ९२ वी फेरी होती. वाटेत हिमवादळाने विमानाला खाली रेटले. दियामांते सरोवराभोवती घिरट्या घालता घालता इंधन संपले आणि बर्फावर उतरताच विमान उलटले.

दोन रात्री त्याने विमानाखाली, टपालाच्या थैल्यांच्या आडोशाने काढल्या. वादळ शमताच तो पूर्वेकडे चालू लागला. दोर नाही, कुऱ्हाड नाही, अन्नही बेताचेच. पाय इतके सुजले, की बूट चाकूने चिरून सैल करावे लागले. झोप आली तर मरण निश्चित, हे त्याला ठाऊक होते. तरीही एकदा तो पडला तो उठेना. बर्फाच्या मऊ अंथरुणावर सारे दुःख शांत होऊ लागले.

तेवढ्यात त्याला पत्नीची आठवण झाली. त्याचा विमा उतरविलेला होता. परंतु प्रेत न सापडल्यास कायद्याने चार वर्षे मृत्यू मानला जात नसे. तोवर तिने निर्वाह कसा करावा? येथेच मेलो, तर उन्हाळ्यात वितळणारे बर्फ देह दरीत लोटून देईल. समोर एक खडक होता. तेथवर जाऊन मरावे, म्हणजे देह सापडेल, या विचाराने तो उठला. आणि एकदा उठला तो चालतच राहिला!

इकडे त्याचा मित्र, वैमानिक व लेखक आंत्वान द सेंत-एक्झुपेरी, पाच दिवस विमानातून त्याचा शोध घेत होता. त्या अफाट हिमराशीत माणूस म्हणजे केवळ एक ठिपका. तो दिसावा कसा? अखेर पाच दिवस आणि चार रात्री चाललेला गियोमे एका चौदा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीस पडला. मुलाच्या घरच्यांनी त्याला आश्रय दिला. वार्ता कळताच सेंत-एक्झुपेरी विमान घेऊन धावला आणि त्याने मित्राला मेंदोसास नेले. १९३९ साली आपल्या ग्रंथात त्याने ही हकिकत लिहिली.

बरा झाल्यावर गियोमे पुन्हा त्याच मार्गावर रुजू झाला. त्याने अँडीज पर्वत एकूण ३९३ वेळा ओलांडला. पुढे दुसऱ्या महायुद्धात, २७ नोव्हेंबर १९४० रोजी, भूमध्य समुद्रावर त्याचे विमान पाडले गेले व त्यात त्याचा अंत झाला.