पेटीवर बसलेले मोठे संगीतकार : सी. रामचंद्र



आज मी तुम्हाला सी. रामचंद्र या मोठ्या संगीतकाराचे चरित्र सांगणार आहे. पण त्यांचे नाव मला कसे कळले ते आधी सांगतो.

आपल्या स्नेहसंमेलनाच्या नाटकात मला तानाजी व्हायचे होते. मी घरी काजळाने मिशी पण काढून पाहिली होती. पण बाईंनी तानाजीचे काम दुसऱ्या मुलाला दिले, कारण त्याचा आवाज मोठा आहे. मला त्यांनी पेटीवर बसायला सांगितले. पेटीवाला कोपऱ्यात बसतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. म्हणून मी दोन दिवस रुसून बसलो. नीट जेवलो पण नाही.

आमच्या भजनी मंडळाची पेटी फार जुनी आहे. तिचा भाता फाटला होता. ती दुरुस्त करायला आबाजी मला घेऊन नागपूरला, इतवारीत गेले. इतवारीत केवढी गर्दी! कापडाची दुकाने, किराण्याची दुकाने, सोन्याचांदीची दुकाने आणि मधून हातगाड्या. आबाजींनी डोक्यावर पेटी धरली होती आणि मी त्यांचा सदरा धरला होता.

पेटी दुरुस्त करणारे बाबा खूप म्हातारे होते. त्यांनी पेटी उघडून दाखवली. भाता हलवला की आत हवा भरते. पट्टी दाबली की खालचे भोक उघडते. मग हवा पितळेच्या पातळ जिभेवरून जाते, ती जीभ थरथरते आणि सूर निघतो. माझे तोंड उतरलेले पाहून त्यांनी कारण विचारले. आबाजींनी माझे सगळे रुसणे सांगून टाकले! मला लाज वाटली. पण बाबा हसले नाहीत. सी. रामचंद्र पण आधी नट व्हायला गेले होते आणि पेटीवर बसले, आणि ते याच नागपुरात गाणे शिकले, असे त्यांनी सांगितले. मग मी बाईंना विचारून आणि पुस्तकात वाचून बाकीची माहिती जमवली. ती अशी आहे.

सी. रामचंद्र यांचे पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. आडनाव चितळकर म्हणून नावात सी. आले. त्यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांबे या गावी झाला. हे गाव गोदावरी नदीच्या काठी, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील रेल्वेत नोकरीला होते.

रामचंद्रांना लहानपणापासून गाण्याचे वेड. नागपूरला शंकरराव सप्रे गुरुजींचे श्रीराम संगीत विद्यालय होते. तिथे ते गाणे शिकले. त्याच गुरुजींकडे वसंतराव देशपांडे पण शिकत होते. तेच पुढे मोठे गवई झाले. म्हणजे एकाच गुरुजींचे दोन पोट्टे केवढे मोठे झाले पाहा! नंतर रामचंद्र पुण्याला विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे शिकले.

पण त्यांना व्हायचे होते नट. १९३५ साली 'नागानंद' नावाच्या चित्रपटात त्यांना नायकाचे काम मिळाले. त्यांना वाटले असेल की आता आपण मोठे झालो. पण तो चित्रपट बिलकुल चालला नाही. मग सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा कंपनीत ते बारीकसारीक कामे करू लागले. नायक होते आणि गर्दीतले झाले. किती वाईट वाटले असेल! माझ्यासारखे ते पण रुसले असतील का, ते पुस्तकात लिहिलेले नाही. पण ते घरी परत गेले नाहीत. त्यांना पेटी येत होती. तिथल्या संगीतकारांसोबत ते पेटी वाजवू लागले. रोज पेटीवर बसून चाल कशी बांधतात, वाद्ये कशी जुळवतात, हे सगळे त्यांनी पाहून घेतले.

मग त्यांना स्वतः संगीत द्यायला मिळाले, ते पण तमिळ चित्रपटांना! नंतर भगवान पालव म्हणजे मास्टर भगवान यांच्या 'सुखी जीवन' या चित्रपटाला १९४२ साली त्यांनी संगीत दिले. देश स्वतंत्र झाला त्या १९४७ साली 'शहनाई' आला आणि त्यांचे नाव सगळीकडे झाले. १९५१ साली भगवान यांचाच 'अलबेला' आला. तो तर लईच गाजला. त्यात आपली वाद्ये आणि सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बोंगो अशी परदेशी वाद्ये पण आहेत. चितळकर या नावाने ते स्वतः गात पण होते. मग 'अनारकली', 'आझाद', 'नवरंग' असे खूप चित्रपट झाले. लोक त्यांना अण्णा म्हणत.

'आशा' चित्रपटातले 'ईना मीना डिका' हे गाणे आपण सगळे पोट्टे म्हणतो. बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या बडबडीवरून ते सुचले असे सांगतात. म्हणजे आपल्या आरड्याओरड्याचा पण उपयोग होतो!

१९६२ साली चीनशी युद्ध झाले. आपले पुष्कळ जवान शहीद झाले. त्यांच्यासाठी कवी प्रदीप यांनी 'ऐ मेरे वतन के लोगो' हे गीत लिहिले. त्याला चाल अण्णांनी दिली आणि लता मंगेशकर यांनी १९६३ च्या जानेवारीत ते दिल्लीत गायले. ते ऐकून पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्या शाळेत २६ जानेवारीला हे गाणे लागते तेव्हा सगळे चूप उभे राहतात. ती चाल पेटीवर बसलेल्या माणसाची आहे, हे मला माहीत नव्हते.

आणखी एक मजा ऐका. पुढे त्यांनी स्वतः 'धनंजय' आणि 'घरकुल' हे मराठी चित्रपट काढले आणि त्यांत कामही केले. म्हणजे लहानपणीची हौस तीस वर्षांनी पुरी झाली! 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्रही त्यांनी लिहिले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईला त्यांचे निधन झाले.

यावरून मी काय शिकलो? आपल्याला जे पाहिजे ते दरवेळी मिळत नाही. पण जे काम मिळाले ते मन लावून शिकले, तर त्यातूनच मोठे होता येते. अण्णा रुसून घरी बसले असते, तर ती चाल आपल्याला मिळाली नसती.

पेटीचा भाता आता नवा झाला आहे. मी रोज संध्याकाळी आबाजींजवळ बसून सराव करून राहिलो आहे. काळ्या पट्ट्यांवर अजून बोट चुकते. आईबाबांनो, संमेलनाच्या दिवशी तानाजीला टाळ्या वाजवाच, तो खूप चांगले काम करतो. पण एकदा कोपऱ्यात पेटीकडे पण पाहा. तिथे मी असेन.

जय हिंद!

इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी