दोन हातांमधला पूल : डॉ. ह्यूगो लीपमान

लिहिताना किंवा कुलूप उघडताना हात आपोआप चालतो, असे आपणांस वाटते. त्यामागील मेंदूची व्यवस्था उलगडून दाखविणारे डॉ. ह्यूगो लीपमान १८६३ साली बर्लिन येथे जन्मले. प्रथम तत्त्वज्ञान शिकून ते वैद्यकाकडे वळले आणि ब्रेस्लाउ येथे डॉ. वेर्निके यांचे सहायक झाले.

१९०० साली बर्लिनच्या मनोरुग्णालयात ४८ वर्षांचा एक सरकारी अधिकारी त्यांच्याकडे आला. सांगितलेली साधी क्रियाही जमेना, म्हणून तो बुद्धिभ्रष्ट ठरला होता. लीपमान यांनी त्याचा उजवा हात धरून ठेवला व तेच काम डाव्या हाताला सांगितले. ते त्याने नीट केले! बुद्धी शाबूत होती, उजवा हातही लुळा नव्हता. शिकलेली क्रिया त्या हातापर्यंत पोहोचत नव्हती, इतकेच.

मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवितो आणि उजवा भाग डावा हात, हे आपण जाणताच. पुढे लीपमान यांनी दाखविले की, बहुतेक उजखोऱ्या माणसांत शिकलेल्या हालचालींचा आराखडा डाव्या भागात असतो. दोन्ही भागांना जोडणाऱ्या मज्जातंतूंच्या पुलावरून तो उजव्या भागाला मिळतो. हा पूल तुटलेल्या रुग्णाची हकीकत १९०७ साली त्यांनी प्रसिद्ध केली : सांगितलेले समजत असूनही त्याच्या डाव्या हाताला ते करता येत नव्हते.

१९२५ साली लीपमान निवर्तले. पालकहो, मुलाला एखादी गोष्ट जमली नाही, तर त्याला मठ्ठ ठरविण्यापूर्वी अडचण नेमकी कोठे आहे, ते त्यांच्याप्रमाणे शोधून पाहा.