विश्लेषण : बेअरिंग पुन्हा पुन्हा का जाते? याचे उत्तर शोधणारे स्वेन विंगक्विस्ट कोण होते?

खडकाळ वाटा, शेतरस्ते आणि ओढ्यानाल्यांतून धावणाऱ्या जीप, ट्रॅक्टर आणि फोर-बाय-फोर गाड्यांच्या मालकांना एक तक्रार चांगलीच परिचयाची आहे. चाकाचे बेअरिंग बदलले, तरी काही महिन्यांत पुन्हा घरघर सुरू होते. नवा भाग का टिकत नाही, हा प्रश्न शंभरहून अधिक वर्षांपूर्वी स्वीडनमधील एका गिरणीच्या अभियंत्यालाही पडला होता. त्याच्या उत्तरातून ‘एसकेएफ’ ही जगातील आघाडीची बेअरिंग कंपनी उभी राहिली.

विंगक्विस्ट कोण होते?

स्वेन विंगक्विस्ट यांचा जन्म १० डिसेंबर १८७६ रोजी स्वीडनमधील हाल्सबर्ग येथे झाला. तांत्रिक शिक्षणानंतर ते वस्त्रोद्योगाकडे वळले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते गोथेनबर्ग शहरातील गाम्लेस्तादेन कापड गिरणीत अभियंता होते. यंत्रे चालू ठेवणे ही त्यांची जबाबदारी होती. ते संशोधक म्हणून नव्हे, तर देखभालीचे काम पाहणारे नोकरदार म्हणून या प्रश्नाला भिडले.

गिरणीत काय बिघडत होते?

त्या काळी प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नसे. छताजवळून लांबच लांब शाफ्ट फिरत आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खालच्या मागांना गती देत. हे शाफ्ट ठिकठिकाणी बेअरिंगवर टेकलेले असत. एक बेअरिंग गेले की शाफ्ट थांबे आणि त्यावर चालणारे सगळे माग बंद पडत. साधी बेअरिंग तापत, घासली जात आणि शक्तीही वाया घालवत. परदेशी बनावटीची बॉल बेअरिंग बसवून पाहिली, पण ती महाग होती, मागवल्यावर वेळेवर मिळत नसत आणि मिळाली तरी लवकर तुटत.

दोष कुठे सापडला?

दोष बेअरिंगच्या पोलादात नव्हता, तर गिरणीखालच्या जमिनीत होता. गोथेनबर्गचा हा भाग मऊ चिकणमातीवर वसलेला आहे. माती खचली की इमारत किंचित सरके आणि छतालगतचा शाफ्ट सरळ रेषेतून हटे. तेव्हाच्या ताठ बॉल बेअरिंगला शाफ्टचा हा तिरकेपणा सहन होत नसे. सगळे वजन मोजक्या छर्‍यांवर येई आणि ते फुटत. नवे बेअरिंगही त्याच तिरक्या शाफ्टवर बसत असल्याने त्याचेही तेच होई.

बेअरिंगमध्ये भाराचा परिणाम फार झपाट्याने वाढतो. भार दुप्पट झाला, तर बॉल बेअरिंगचे अपेक्षित आयुष्य निम्मे नव्हे, तर जवळपास आठव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा तिरकेपणाही महागात पडतो.

त्यांनी उपाय काय काढला?

जमीन थांबवता येत नव्हती. म्हणून विंगक्विस्ट यांनी बेअरिंगलाच वळायला शिकवले. त्यांनी आतल्या रिंगवर छर्‍यांच्या दोन रांगा बसवल्या आणि बाहेरच्या रिंगची आतली बाजू गोलाच्या तुकड्यासारखी अंतर्गोल केली. शाफ्ट थोडा कलला, तर आतली रिंग छर्‍यांसह त्या गोलाईत कलते आणि भार दोन्ही रांगांवर वाटलेला राहतो. १९०७ मध्ये या ‘सेल्फ-अलाइनिंग’ बॉल बेअरिंगचे पेटंट घेण्यात आले. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला, गिरणीच्या मालकांच्या पाठबळावर, ‘स्वेन्स्का कुलागरफाब्रिकेन’ म्हणजे एसकेएफ स्थापन झाली.

पुढचा प्रवास कसा झाला?

विंगक्विस्ट कंपनीचे पहिले व्यवस्थापकीय संचालक झाले. बेअरिंग विकण्यासाठी त्यांनी स्वतः युरोपभर प्रवास केला. पहिल्या महायुद्धाआधीच इंग्लंडमधील ल्युटन येथे कारखाना निघाला. १९१६ मध्ये कंपनीने होफोर्स येथील पोलाद कारखाना घेतला आणि कच्च्या मालाचा दर्जा आपल्या हाती ठेवला. १९१९ मध्ये कंपनीतील अभियंता आर्विद पाल्मग्रेन यांनी हेच तत्त्व जड भारासाठी रोलर बेअरिंगमध्ये आणले.

‘व्होल्वो’ हे नावही मुळात एसकेएफचे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मी फिरतो’. बेअरिंगसाठी नोंदवलेले हे नाव पुढे मोटारींना मिळाले आणि १४ एप्रिल १९२७ रोजी पहिली व्होल्वो गोथेनबर्गच्या कारखान्यातून बाहेर पडली. विंगक्विस्ट यांचे १९५३ मध्ये निधन झाले. पुण्याजवळच्या चिंचवडमध्येही एसकेएफचा कारखाना आहे.

आजच्या गाड्यांशी याचा संबंध काय?

जीप, ट्रक, ट्रॅक्टरच्या हबमध्ये बहुधा निमुळत्या रोलरची बेअरिंग असतात. त्यांचे पेटंट अमेरिकेतील बग्गी बनवणारे हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये घेतले होते. म्हणजे विंगक्विस्ट यांचे बेअरिंग चाकात सहसा नसते. त्यांची तपासाची पद्धत मात्र तिथेही तितकीच उपयोगी आहे. जुने बेअरिंग फेकण्याआधी त्याच्या खुणा वाचाव्यात.

रिंगवर घासल्याचा पट्टा तिरका किंवा एकाच बाजूला खोल असेल, तर अ‍ॅक्सलचे टोक वाकले आहे किंवा बसण्याची जागा खराब झाली आहे, असा संशय घ्यावा. रोलरच्या अंतराने खळगे दिसले, तर जोरदार आदळणे किंवा बसवताना मारलेला हातोडा हे कारण असू शकते. तांबूस गंज आणि दुधाळ ग्रीस म्हणजे पाणी शिरले आहे. तापलेला हब ओढ्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी ओढले जाते. निळसर झाक म्हणजे अति उष्णता. नट गरजेपेक्षा जास्त आवळला गेला असेल किंवा ग्रीस कमी पडले असेल. बाहेर निघालेली रुंद चाके किंवा स्पेसर लावल्यास भार बेअरिंगच्या मध्यापासून दूर जातो आणि चांगले बेअरिंगही लवकर थकते.

सील, अ‍ॅक्सलचे टोक आणि नटाची घट्टी न तपासता नुसते बेअरिंग बदलले, तर तोच खर्च पुन्हा होतो. घाटात किंवा आडरानात हब जाम झाला किंवा चाक निखळले, तर प्रश्न फक्त खर्चाचा राहत नाही. म्हणूनच दुसऱ्यांदा बेअरिंग गेले, की दुकानात जाण्याआधी मेकॅनिककडून जुना भाग मागून घ्यावा.