नील हॅमिल्टन फेअरली

सर नील हॅमिल्टन फेअरली (१५ जुलै १८९१ – १९ एप्रिल १९६६) हे ऑस्ट्रेलियन वैद्य, सैनिकी अधिकारी आणि उष्ण कटिबंधीय रोगांचे संशोधक होते. औषधोपचारानंतरही हिवताप पुन्हा का उलटतो, या जुन्या प्रश्नाच्या उकलीस त्यांच्या दुसऱ्या महायुद्धकालीन प्रयोगांनी निर्णायक दिशा दिली.

प्रारंभिक जीवन
फेअरली यांचा जन्म ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातील इंगलवुड येथे झाला. १९१५ मध्ये त्यांनी मेलबर्न विद्यापीठाची वैद्यकीय पदवी संपादन केली. पहिल्या महायुद्धात ते इजिप्तमधील ऑस्ट्रेलियन सैनिकी रुग्णालयात होते. तेथे बिल्हार्झिया या कृमिजन्य रोगाच्या निदानासाठी त्यांनी रक्तपरीक्षा विकसित केली.

मुंबईतील वास्तव्य
१९२२ मध्ये ते उष्ण कटिबंधीय वैद्यकाचे टाटा प्राध्यापक म्हणून मुंबईस आले. नारू आणि संग्रहणी हे त्यांच्या येथील अभ्यासाचे प्रमुख विषय होते. ज्या संग्रहणीचा ते अभ्यास करीत होते, तिनेच त्यांना ग्रासले आणि १९२५ मध्ये त्यांना भारत सोडावा लागला. १९२९ पासून ते लंडनमध्ये स्थायिक झाले. १९४२ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना लाभले.

हिवतापावरील प्रयोग
दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या आघाडीवर लढाईतील जखमींपेक्षा हिवतापाने अंथरुणास खिळलेले सैनिक कितीतरी अधिक होते. जगाला मुख्यत्वे जावा बेटावरून मिळणारे कोयनेल १९४२ मध्ये जपानच्या ताब्यात गेले. उरला तो ॲटेब्रिन या कृत्रिम औषधाचा आधार. त्याची मात्रा व मर्यादा निश्चित करण्यासाठी १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियातील केर्न्स येथे फेअरली यांच्या नेतृत्वाखाली सैनिकी संशोधन केंद्र सुरू झाले.

या प्रयोगांसाठी सैनिक स्वेच्छेने पुढे आले. हिवतापाचे डास त्यांना मुद्दाम चावविले जात. नंतर ठरावीक अंतराने त्यांचे रक्त दुसऱ्या निरोगी स्वयंसेवकास देऊन त्याला ताप येतो की नाही, हे पाहिले जाई. डास चावल्यानंतर थोडी मिनिटे रक्त संसर्गकारक असे. त्यानंतर कित्येक दिवस ते निर्दोष राही आणि मग पुन्हा संसर्गकारक होई. अर्थात मधल्या काळात परोपजीवी रक्ताबाहेर अन्यत्र दडून वाढत असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

रोज ॲटेब्रिनची एक गोळी (१०० मिलिग्रॅम) नियमाने घेणाऱ्यांस ताप येत नाही, असेही आढळले. मात्र औषध थांबविल्यावर दोन जातींच्या हिवतापात भेद दिसला. प्राणघातक फाल्सिपेरम हिवताप डासांचा संपर्क संपल्यावर आणखी काही आठवडे औषध घेतल्यास समूळ बरा होई. व्हायव्हॅक्स हिवताप मात्र केवळ दबून राही आणि औषध बंद केल्यानंतर काही काळाने उलटे. कारण हे औषध तांबड्या पेशींतील परोपजीवींचा नाश करी. रक्ताबाहेर दडलेल्यांस त्याची बाधा होत नसे.

या निष्कर्षांनुसार सैन्यात गोळी घेणे ही शिस्तीची बाब ठरली आणि ती पाळली जाते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी तुकडीप्रमुखांवर टाकण्यात आली. त्यानंतर सैन्यातील हिवतापाचे प्रमाण झपाट्याने घटले. १९४५ मध्ये ऐतापे–वेवाक भागात गोळ्या घेऊनही ताप येऊ लागला, तेव्हा तेथील फाल्सिपेरमचा एक वाण ॲटेब्रिनला दाद देत नसल्याचे फेअरली यांना आढळले.

पुढील संशोधन
दडून बसण्याचे ते स्थान म्हणजे यकृत होय, हे १९४८ मध्ये लंडन येथे हेन्री शॉर्ट व सिरिल गार्नहॅम यांनी प्रथम माकडांत व नंतर माणसांत सिद्ध केले. व्हायव्हॅक्सचे काही परोपजीवी यकृतपेशींत महिनोन्‌महिने निद्रिस्त राहतात व पुढे जागे होऊन रक्तात उतरतात, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. फाल्सिपेरमला अशी निद्रिस्त अवस्था नसते. त्यामुळे तो ताप परत आल्यास रक्तातील परोपजीवी अपुऱ्या उपचाराने वा औषधरोधामुळे शिल्लक राहिले असावेत किंवा डासाने नव्याने संसर्ग केला असावा, असे समजतात. यकृतातील निद्रिस्त परोपजीवींवर १९५० च्या दशकात प्रचारात आलेले प्रायमाक्विन उपयोगी पडते. भारतात व्हायव्हॅक्सच्या रुग्णास ते साधारणतः १४ दिवस देतात. दोन-तीन दिवसांत ताप उतरला म्हणून रुग्णाने ते मध्येच सोडल्यास रोग उलटण्याचा धोका कायम राहतो.

अखेरचा काळ
युद्धानंतर फेअरली लंडनमध्ये उष्ण कटिबंधीय वैद्यकाचे वेलकम प्राध्यापक झाले. तथापि १९४८ मध्ये प्रकृती ढासळल्याने ते पद त्यांना फार काळ सांभाळता आले नाही. १९५० मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९ एप्रिल १९६६ रोजी इंग्लंडमधील सॉनिंग येथे त्यांचे निधन झाले.