न हरलेल्या रॉकीची न झालेली फाइट

सचिन भारी की विराट? आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर हा वाद रोज व्हायचा आणि कुणाच्या तरी लेक्चरची वेळ झाली की संपायचा. निकाल कधीच लागला नाही. लागणार तरी कसा? ऐन भरातला सचिन आणि ऐन भरातला विराट एकाच दिवशी, एकाच पिचवर कुठून आणणार?

बॉक्सिंगवाल्यांनी मात्र हा उद्योग खरंच करून पाहिला. तोही १९६९ साली, चक्क कॉम्प्युटर लावून! एका बाजूला मोहम्मद अली, वय २७. दुसऱ्या बाजूला रॉकी मार्सियानो, वय ४५, रिंग सोडून १३ वर्षं झालेली. अली आपल्या सगळ्यांना माहितीये. पण हा रॉकी कोण? स्टॅलोनच्या ‘रॉकी’ सिनेमात हिरोच्या खोलीत ज्याचा फोटो लावलेला दिसतो ना, तोच हा. ४९ फाइट, ४९ विजय. एकही हार नाही, एकही बरोबरी नाही.

आता वाटेल, हा जन्मताच बॉक्सर असणार. तर तसं अजिबात नाही.

१ सप्टेंबर १९२३ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉक्टन गावी तो जन्मला. खरं नाव रोक्को मार्केजानो. आईवडील इटलीहून आलेले, घरात सहा भावंडं आणि हा थोरला. दीड वर्षाचा असताना न्यूमोनियानं जवळजवळ गेलाच होता, पण वाचला. ब्रॉक्टन हे बूट बनवणारं गाव. त्याचे वडील पहिल्या महायुद्धात लढून आले, तिथल्या विषारी वायूनं तब्येत खंगली आणि पुढे बुटांच्या कारखान्यात राबत राहिले. वडिलांचे ते दिवस पाहून रॉकीनं मनाशी एक गाठ बांधली होती, आपण असं जगायचं नाही.

पण दुसरं करणार काय? दहावीत शाळा सुटली. खड्डे खणले, बर्फ आणि कोळशाच्या गाड्यांवर काम केलं. दुसरं महायुद्ध आलं, सैन्यात भरती झाला. बॉक्सिंगचे हातमोजे त्यानं गंभीरपणे घातले ते तिथे. खरं स्वप्न मात्र बेसबॉलचं होतं. १९४७ मध्ये शिकागो कब्जच्या एका खालच्या टीमसाठी त्यानं ट्रायल दिली. काही आठवड्यांत घरी पाठवलं, कारण लांबचा थ्रो जमत नव्हता. म्हणजे पुढे ज्या हातानं भलेभले आडवे केले, तो हात बेसबॉलला चालला नाही!

पूर्ण वेळ बॉक्सिंगमध्ये उतरला तेव्हा तो पंचविशीला टेकला होता. या खेळात एवढा उशीर म्हणजे बस सुटल्यावर स्टॉपवर पोचणं. त्यात उंची पाच फूट दहा इंच, वजन ८५ किलोच्या आसपास. हेवीवेट गटात हा लहानच. हात तर इतके आखूड की समोरच्याला मारायचं तर आधी त्याचे चार ठोसे खात जवळ जावं लागायचं. ट्रेनर चार्ली गोल्डमन हा स्वतः शेकडो फाइट लढलेला बुटका म्हातारा. त्यानं रॉकीला उंच करायचा प्रयत्नच केला नाही, उलट आणखी वाकायला शिकवलं. वाकून आत शिरायचं आणि खालून उजवा हात सोडायचा. त्या उजव्या ठोशाला नावही होतं, ‘सुझी क्यू’.

बाकी सगळं मेहनतीवर. फाइट ठरली की रॉकी महिनोन्‌महिने कॅम्पमध्ये. घर नाही, पार्टी नाही, मैलोन्‌मैल पळणं. निवेदकांना मार्केजानो म्हणता येईना, म्हणून नाव झालं मार्सियानो.

या ठोशाची किंमत काय असते, हेही त्याला लवकर कळलं. ३० डिसेंबर १९४९ ला न्यूयॉर्कमध्ये कार्माइन विंगो नावाचा तरुण त्याच्या समोर होता. सहाव्या राउंडला विंगो कोसळला तो कोमातच गेला. वाचला, पण पुन्हा कधी लढू शकला नाही. हॉस्पिटलच्या खर्चाला रॉकीनं हातभार लावला. जिंकल्याचा आनंद त्या रात्री कुणालाच झाला नसणार.

मग आला २६ ऑक्टोबर १९५१. समोर जो लुईस. अख्ख्या अमेरिकेचा हिरो, रॉकीचाही लहानपणापासूनचा हिरो. दोन काळांमधल्या दोन ग्रेट माणसांची फाइट आपण स्वप्नात लावतो ना, ती इथे खरोखर झाली. फक्त लुईस ३७ वर्षांचा होता, केस विरळ झालेले, पाय जड झालेले. इन्कम टॅक्सचं कर्ज डोक्यावर होतं म्हणून तो परत लढत होता. आठव्या राउंडला रॉकीनं त्याला दोरांमधून रिंगबाहेर पाडलं. लोकांना नवा स्टार मिळाला. आणि तो नवा स्टार ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडला.

मला विचाराल तर रॉकीची सगळी गोष्ट या एका रात्रीत आहे.

पुढच्या वर्षी, २३ सप्टेंबर १९५२ ला, फिलाडेल्फियात वर्ल्ड टायटलसाठी त्याची गाठ पडली चॅम्पियन जर्सी जो वॉलकॉटशी. पहिल्याच राउंडला रॉकी खाली! करिअरमध्ये पहिल्यांदाच. बारा राउंड झाले, तिन्ही कार्डांवर तो मागे. तेराव्या राउंडला उजवा हात सुटला आणि वॉलकॉट दोरावर लटकला. रॉकी चॅम्पियन! त्यानंतर सहा वेळा त्यानं टायटल राखलं. एझर्ड चार्ल्सनं तर त्याचं नाक उभं फाडलं होतं, तरी पठ्ठ्या जिंकला. शेवटची फाइट २१ सप्टेंबर १९५५, आर्ची मूरविरुद्ध. इथेही आधी पडला, मग उठून जिंकला.

एप्रिल १९५६ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यानं रिटायरमेंट जाहीर केली. बायको आणि छोट्या मुलीसाठी वेळ हवा होता. म्हातारपणी परत रिंगमध्ये उतरून आपला लुईस होऊ द्यायचा नाही, हेही मनात असेलच. पैसा होता, पण गरिबीची धास्ती काही गेली नाही. बँकांवर भरवसा नाही, रोकड इथेतिथे लपवून ठेवायची सवय. तो गेल्यावर घरच्यांना ती कधी सापडलीच नाही.

आणि मग आला तो कॉम्प्युटर.

मायामीचा रेडिओ निर्माता मरे वोरोनर यानं १९६७ मध्ये सर्व काळांतल्या हेवीवेट बॉक्सर्सची एक काल्पनिक स्पर्धा रेडिओवर लावली. तज्ज्ञांची मतं आकड्यांत बदलून मशीनला दिली. त्यात रॉकी पहिला आला. अलीला जुन्या जमान्यातल्या जिम जेफ्रीजनं हरवलं. अली भडकला आणि थेट कोर्टात गेला! त्या तडजोडीतून कल्पना निघाली, की अली आणि रॉकी यांची फाइट फिल्मवर शूट करायची आणि निकाल कॉम्प्युटर देईल.

व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिला म्हणून तेव्हा अलीचं टायटल काढून घेतलेलं होतं, लढायला बंदी होती. त्याला पैशांची गरज होती. आणि रॉकी? तो चांगलाच सुटला होता. पण फाइट खोटी का असेना, रॉकी तयारी खोटी कशी करेल? त्यानं जवळपास वीस किलो वजन उतरवलं. टक्कल झाकायला विग लावला. मायामीच्या स्टुडिओत दोघांनी एकेका मिनिटाचे सत्तरेक राउंड शूट केले. मध्येच अलीचा फटका बसून विग उडायचा. शेवट वेगवेगळे शूट केले आणि कुठला खरा, ते दोघांनाही सांगितलं नाही.

१९५१ मध्ये समोर दमलेला हिरो होता आणि रॉकी तरुण होता. आता दमलेला हिरो तो स्वतः होता.

निकाल त्यानं पाहिलाच नाही. ३१ ऑगस्ट १९६९ च्या रात्री आयोवात खराब हवेत एक छोटं विमान कोसळलं, त्यात तो होता. दुसऱ्या दिवशी त्याचा ४६ वा वाढदिवस होता. शूटिंग संपून जेमतेम तीन आठवडे झाले होते.

२० जानेवारी १९७० ला फिल्म थिएटरांत लागली. अमेरिकेत निकाल असा दाखवला : तेराव्या राउंडला रॉकीचा नॉकआउट. युरोपात मात्र दुसरा शेवट दाखवला गेला, तिथे अली जिंकला! म्हणजे मशीन एकच, पण निकाल प्रेक्षक बघून. गोरा चॅम्पियन जिंकावा असं वाटणारे अमेरिकेत तेव्हा कमी नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं.

या फाइटनं कोण भारी ते काही ठरलं नाही. १९८५ मध्ये लॅरी होम्स ४८-० वर होता, रॉकीच्या एक पाऊल मागे. तो मायकल स्पिंक्सकडून हरला. तारीख २१ सप्टेंबर, रॉकीच्या शेवटच्या फाइटला बरोबर ३० वर्षं झाली त्या दिवशी. एकही फाइट न हरता निवृत्त झालेला हेवीवेट चॅम्पियन आजही एकच आहे.

अली-रॉकीवर वाद घालायला कुणी कट्ट्यावर भेटलं, तर जरूर घाला. फक्त त्यात लुईसला हरवून ड्रेसिंग रूममध्ये रडणारा पोरगाही आठवा. दोन काळ खरंच समोरासमोर आले की काय होतं, ते त्याच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं.