पक्षाविना पंतप्रधान

सरकार दुबळे झाले, तिजोरीत खडखडाट झाला आणि परकीय सावकार दाराशी येऊन बसले म्हणजे कोणत्याही लोकशाही देशात एक मागणी हमखास पुढे येते. सर्व पक्षांनी आपापले झेंडे क्षणभर गुंडाळून ठेवावेत आणि राष्ट्रासाठी एकत्र यावे, ही ती मागणी. ती देशभक्तीने ओथंबलेली असते, आणि म्हणूनच तिची चिकित्सा करणे अवघड जाते. सुवर्णपरिमाणाचा अस्त वर्गात शिकविताना मला दरवर्षी रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्यापाशी थांबावे लागते. ही मागणी त्यांनी शिरोधार्य मानली. तिची किंमत कोणी मोजली, हे त्यांच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसते.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लॉसीमाउथ या कोळ्यांच्या गावी 1866 साली त्यांचा जन्म झाला. आई मोलकरीण, वडील शेतमजूर; दोघांचा विवाह झालेला नव्हता. आई आणि आजी या दोन स्त्रियांनी मुलाला वाढविले. गावच्या शाळेतच ते शिकता शिकता शिकवू लागले, पुढे लंडनला जाऊन कारकुनी केली. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या दोन्ही पेशांतून हा मनुष्य गेला होता. 1900 साली मजूर प्रतिनिधींची जी समिती स्थापन झाली तिचे ते चिटणीस झाले. हीच समिती पुढे मजूर पक्ष म्हणून नावारूपाला आली.

प्रतिस्पर्ध्याशी हातमिळवणी करण्याचा त्यांचा पहिला प्रयोग 1903 सालचा. उदारमतवादी पक्षाचे हर्बर्ट ग्लॅडस्टन यांच्याशी त्यांनी गुप्तपणे ठरविले की, सुमारे तीस मतदारसंघांत दोन्ही पक्षांनी एकमेकांची मते फोडू नयेत. 1906 च्या निवडणुकीत मजुरांचे 29 उमेदवार निवडून आले आणि मॅकडोनाल्डही लेस्टरहून पार्लमेंटात पोचले. हा सौदा मर्यादित होता. कोणीही आपला कार्यक्रम सोडला नाही.

तत्त्वासाठी एकटे पडण्याचे धैर्य त्यांच्या अंगी नव्हते असे कोणी म्हणू नये. 1914 साली पक्षाने महायुद्धाला पाठिंबा दिला तेव्हा त्यांनी संसदीय पक्षाचे नेतेपद तत्काळ सोडले. एका साप्ताहिकाने त्यांचा जन्मदाखला छापून त्यांच्या जन्माची जाहीर विटंबना केली. 1918 मध्ये ते पराभूत झाले. भारताविषयी त्यांना वाटणारी आस्थाही खरी होती. 1909 साली ते येथे येऊन गेले, त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले, आणि 1911 च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना देऊ करण्यात आले होते. पत्नीच्या निधनामुळे ते येऊ शकले नाहीत.

1924 च्या जानेवारीत ते इंग्लंडचे पहिले मजूर पंतप्रधान झाले. पदरी अवघ्या 191 जागा आणि उदारमतवाद्यांचा बाहेरून पाठिंबा. हे सरकार वर्षभरही टिकले नाही, परंतु कोणाच्या कृत्याला कोण जबाबदार हे मतदाराला नेमके कळत होते. 1929 मध्ये मजूर पक्ष 287 जागा मिळवून प्रथमच सर्वांत मोठा पक्ष ठरला, मात्र बहुमत याही वेळी नव्हते. काही महिन्यांतच न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. अकरा-बारा लाखांवर असलेली बेकारांची संख्या 1931 च्या मध्यास सुमारे 27 लाखांवर गेली.

येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने थोडे रेंगाळले पाहिजे. 31 जुलै 1931 रोजी सर जॉर्ज मे यांच्या समितीने 12 कोटी पौंडांच्या तुटीचे भाकीत केले आणि सुमारे साडेनऊ कोटींच्या काटकसरीची शिफारस केली. त्यापैकी 6 कोटी 65 लाख पौंड बेकारांच्या खात्यातून कापावयाचे होते. तुटीचा हा आकडा फुगलेला होता, कारण कर्जफेड निधीची रक्कमही तीत धरली होती. पण मध्य युरोपातील बँका कोसळत असता तो प्रसिद्ध झाला आणि लंडनमधून सोन्याचा ओघ बाहेर सुरू झाला. पौंडाचे सुवर्णमूल्य टिकवावयाचे तर कर्ज हवे, कर्ज हवे तर सावकारांचा विश्वास हवा, आणि विश्वास हवा तर बेकारभत्ता कापला पाहिजे, अशी ही साखळी होती. 23 ऑगस्टच्या रविवारी मंत्रिमंडळात भत्त्यातील दहा टक्के कपातीच्या बाजूने अकरा आणि विरुद्ध नऊ अशी विभागणी झाली. आर्थर हेंडरसन विरोधकांत होते. अशा फुटीनंतर राजीनाम्याखेरीज मार्ग उरला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅकडोनाल्ड राजवाड्यावरून परत आले ते राष्ट्रीय सरकारचे पंतप्रधान म्हणूनच. पंचम जॉर्ज यांनी त्यांना गळ घातली होती; हुजूर पक्षाचे बाल्डविन आणि उदारमतवाद्यांचे सॅम्युएल त्यांच्या हाताखाली काम करण्यास राजी होते. दहा जणांच्या मंत्रिमंडळात चार मजूर, चार हुजूर आणि दोन उदारमतवादी होते. कागदावर तोल मोठा सुरेख होता! प्रत्यक्षात पक्षाला त्यांनी विचारलेच नव्हते. त्यांच्यामागे मजूर पक्षाचे जेमतेम डझनभर खासदार गेले आणि महिनाभरात, ज्या पक्षाची पायाभरणी त्यांनी केली त्याच पक्षाने त्यांची हकालपट्टी केली.

त्यांना सत्तेचा मोह पडला किंवा उमरावांच्या मेजवान्यांनी ते भुलले, हे तेव्हाचे आरोप मला पटत नाहीत. संकटात पळून जाणे त्यांना अप्रतिष्ठेचे वाटले, एवढेच खरे असावे. दोष निराळाच होता. पौंडाचे जुने सुवर्णमूल्य पवित्र आहे, याबद्दल तिन्ही पक्षांच्या नेत्यांत आधीच एकमत होते. केन्स आणि कामगार नेते बेव्हिन यांनी मॅकमिलन समितीत वेगळा सूर लावला होता. मोस्ले 1930 मध्येच सार्वजनिक कामांची योजना मांडून सरकारातून बाहेर पडले होते. सगळेच एका चुकीवर एकत्र आले तर ती चूक दाखवावयाची कोणी? न्यूयॉर्क आणि पॅरिसहून मिळालेले 8 कोटी पौंड पाहता पाहता संपले. अंदाजपत्रकात शिक्षकांचे पगार पंधरा टक्क्यांनी कापण्याचे ठरले. इन्व्हरगॉर्डन येथे नौसैनिकांनी पगारकपातीविरुद्ध काम बंद ठेवले, त्यानंतर शिक्षकांची कपात दहा टक्क्यांवर आणण्यात आली. आणि 21 सप्टेंबर रोजी सुवर्णपरिमाण सुटले ते सुटलेच. ज्या मूर्तीसाठी राष्ट्रीय सरकारचा होम मांडला ती महिन्याच्या आत भंगली, आणि आकाश काही कोसळले नाही. कपात मात्र कायम राहिली. ती पुढे 1934 आणि 1935 मध्ये रद्द झाली.

या घटनेची झळ आपल्याकडेही पोचली. रुपया पौंडाशी दीड शिलिंगाच्या दराने जखडून ठेवण्यात आला; सोन्याचे भाव चढले आणि मंदीने पिचलेल्या शेतकऱ्याच्या घरातील दागिने मुंबई बंदरातून परदेशी गेले.

राष्ट्रीय सरकार तात्पुरते आहे असे सांगण्यात आले होते. तरी 27 ऑक्टोबर 1931 ला निवडणूक झाली. सरकार पक्षाला 554 जागा मिळाल्या, त्यांतील सुमारे 470 एकट्या हुजूर पक्षाच्या. मजूर पक्ष 52 वर आला. यापुढे पंतप्रधान हे बाल्डविनांच्या बहुमताचे पाहुणे होते. 1932 मध्ये आयात जकातीवर मतभेद झाला तेव्हा मंत्र्यांनी एकमेकांविरुद्ध बोलण्याची परवानगी घेण्याचा अजब तोडगा निघाला. तोही काही महिनेच टिकला, आणि स्नोडन व सॅम्युएल बाहेर पडले.

त्याच वर्षी 16 ऑगस्टला मॅकडोनाल्ड यांच्या नावाने जातीय निवाडा प्रसिद्ध झाला. गोलमेज परिषदेत एकमत होत नाही म्हणून तो दिला गेला. निवाड्यात दलितांना स्वतंत्र मतदारसंघ होते. गांधीजींनी येरवड्यात उपोषण मांडले आणि 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. राखीव जागा 71 वरून 148 झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ डॉ. आंबेडकरांना सोडावे लागले. उपोषणाच्या दडपणाखाली झालेल्या त्या तडजोडीचा भार दोन्ही बाजूंवर सारखा पडला असे कोण म्हणेल?

मजूर पक्ष 1931 विसरला नाही. मे 1940 मध्ये नॉर्वेच्या प्रश्नावर चेंबरलेन यांचे बहुमत 81 पर्यंत घसरले तेव्हा ॲटली यांनाही सहकार्याचे निमंत्रण आले. त्यांनी ते बोर्नमथ येथे जमलेल्या पक्षाच्या कार्यकारिणीपुढे ठेवले. चेंबरलेन यांच्या हाताखाली नाही, दुसऱ्या पंतप्रधानाबरोबर येऊ, असे तिने ठरविले आणि मगच मजूर मंत्री चर्चिल यांच्या मंत्रिमंडळात गेले. तेथे तो पक्षच सहभागी होता, एकटादुकटा पुढारी नव्हे.

हे पाहण्यास मॅकडोनाल्ड नव्हते. दृष्टी अधू झाली, भाषणे विसकळीत होऊ लागली, आणि जून 1935 मध्ये त्यांनी पंतप्रधानपद बाल्डविनांकडे दिले. नोव्हेंबरमध्ये सीहॅमच्या खाणकामगारांनी त्यांना वीस हजारांहून अधिक मतांनी पाडले. नंतर स्कॉटलंडमधील विद्यापीठांच्या जागेवरून ते पुन्हा पार्लमेंटात आले. असल्या जागा रद्द कराव्यात असा प्रस्ताव 1931 मध्ये त्यांच्याच मजूर सरकारने आणला होता. 9 नोव्हेंबर 1937 रोजी अटलांटिक महासागरात, बोटीवर, त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी लॉसीमाउथजवळील स्पायनीच्या दफनभूमीत, पत्नीशेजारी पुरण्यात आल्या.